बिजागरीकडचा लाल पट्टा

माझं रोजचं काम डब्यांचं. मीटरचे डबे, स्टार्टरचे डबे, शेतातल्या पंपांच्या पॅनेलचे डबे. भोसरी-चाकण पट्ट्यात अशा डब्यांच्या कामाला मरण नाही. आयपी ६५ म्हटलं की हात आपोआप चालतात: धूळ आत नको, पाण्याचा फवारा मारला तरी आत थेंब नको. झाकणाला खाच, खाचेत रबर, कोपऱ्यांत स्क्रू, आवळा आणि पाठवा. म्हणूनच एका फोटोग्राफर गृहस्थांनी फिल्म कॅमेऱ्याची बॉडी डिझाइन करून मागितली, तेव्हा आमच्या साहेबांनी ड्रॉइंगची फाइल माझ्या टेबलावर टाकली. म्हणाले, "हाही डबाच आहे, तूच बघ."

सरांना (त्यांना सगळे सरच म्हणतात) हवा होता पॅनोरमा कॅमेरा. साधी ३५ मिमी फिल्म, पण चौकट नेहमीच्या २४ × ३६ ऐवजी २४ × ६५ मिमी. हासेलब्लाडने १९९८ मध्ये एक्सपॅन नावाने असा कॅमेरा आणला होता. जुन्या बाजारात तो आजही मिळतो, पण भाव ऐकून माणूस गप्पच बसतो. सरांकडे मध्यम फॉरमॅटची एक जुनी लेन्स पडून होती, तिचं शटर तिच्याच पोटात. म्हणजे बॉडीत शटर नाही, आरसा नाही. उरतात नुसत्या खोल्या आणि झाकणं. त्यामुळे मला हे काम फारच आवडलं.

खोल्या तीन. मागून बघितलं तर डावीकडे फिल्मच्या कॅसेटची, साधारण २५ मिमी व्यासाच्या नळकांड्याला मावेल अशी. मधे काळी खोली, लेन्सपासून फिल्मपर्यंत रुंद होत जाणारी. उजवीकडे काढलेली फिल्म गुंडाळून ठेवायची खोली. फिल्मच्या कडेच्या छिद्रांमधलं अंतर ४.७५ मिमी. नेहमीच्या फोटोला फिल्म आठ छिद्रं सरकते, म्हणजे ३८ मिमी. आम्ही चौदा छिद्रं सरकवायची ठरवली, म्हणजे ६६.५ मिमी, आणि दोन फोटोंमध्ये दीड मिमी कोरी पट्टी. छत्तीसच्या रोलात असे वीस फोटो बसतात.

खरी नाजूक जागा मधल्या चौकटीची. तिच्या वर-खाली दोन-दोन रूळ असतात. आतल्या रुळांवर फिल्म टेकते. बाहेरचे रूळ किंचित उंच, त्यांच्यावर फिल्मला सपाट धरणारी मागची दाबपट्टी बसते. दोन्ही उंचींतला फरक ०.२ मिमीच्या आसपास ठेवायचा, म्हणजे फिल्मला सरकायला जागा राहते आणि डुलायला राहत नाही. आता हिशेब बघा. फोटोत ०.०३ मिमीचा धूसर ठिपका चालवून घ्यायचा म्हटलं, तर लेन्सचं छिद्र एफ ४ वर असताना फिल्मला मागेपुढे १२० मायक्रॉनची सूट मिळते, त्याहून एक मायक्रॉन जास्त नाही. मीटरच्या डब्यात एवढा फरक कुणी मोजतही नाही. म्हणून मधला सांगाडा अॅल्युमिनियमचा, सीएनसीवर एका बैठकीत काढलेला, आणि बाहेरचं कवच व मागचं दार नायलॉनचं, लेझर सिंटरिंगने, म्हणजे पावडर लेझरने थराथराने जोडत, छापून काळं रंगवलेलं. कवचाने सांगाड्याला कुठेही ओढायचं नाही, नुसतं अंगावर राहायचं, हे मी ड्रॉइंगवर ठळक लिहिलं होतं.

मागच्या दाराशी येऊन माझं आयपी ६५ निकामी झालं. रबर दाबायला जोर लागतो, आणि हे दार दर रोलला नखाने उघडायचं असतं. वर दाबपट्टीची स्प्रिंगही याच दारावर. रबर घातलं तर कडीवरचा ताण वाढतो, दार मधे फुगतं आणि दाबपट्टी तिरकी होते. मग आठवलं की आपल्याला पाणी अडवायचं नाहीये. प्रकाशाला फट चालते, ती सरळ नसली म्हणजे झालं. रायगडाच्या महादरवाजासारखी गोमुखी बांधणी करायची: समोरून येणाऱ्याला दरवाजा दिसत नाही, वळून आत शिरावं लागतं, आणि वळणावर मार खावा लागतो. दाराला जीभ, कवचाला खोल खाच, जीभ खाचेत उतरली की उजेडाला दोन वळणं. आणि दोन्ही भिंती मॅट काळ्या, कारण उजेड वळत नसला तरी उड्या मारतो.

पहिला रंगीत रोल धुऊन आला तो दिवस शनिवार होता. सर निगेटिव्ह आणि स्कॅन घेऊन थेट ऑफिसात आले. सिंहगडावरचे फोटो. रेखीव, कडेपर्यंत धारदार, चौकटीचं काम चोख झालेलं. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत, उजवीकडे, वरच्या कडेतून उतरणारा एक लाल पट्टा. कुठे फिका, कुठे नारिंगी होईपर्यंत गडद.

व्हेंडरने तर बॉडी तपासून दिली होती. अंधारात लेन्सच्या भोकातून टॉर्च आत घालून चारी बाजूंनी बघितलं, कुठूनही उजेड दिसला नाही, असा त्यांचा शेरा होता.

सर म्हणाले, "मॅडम, चला, बुधवारात जाऊ. काकांना दाखवू."

काका म्हणजे बुधवार पेठेतले जुने कॅमेरा मेकॅनिक. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. त्यांनी बॉडीला हातही लावला नाही. निगेटिव्हची पट्टी लाइटबॉक्सवर सरळ केली, डोळ्याला भिंग लावलं.

"हे बघ पोरी. डाग छिद्रांवरून गेलाय."

मी बघितलं. खरंच, डाग फोटोपुरता नव्हता, फिल्मच्या काठापर्यंत पोचला होता. लेन्सकडून उजेड आला असता तर तो चौकटीतूनच आला असता आणि डाग फोटोच्या हद्दीत थांबला असता. छिद्रांवर डाग म्हणजे उजेड चौकटीच्या बाहेर कुठेतरी लागलाय.

"आणि रंग कुठला?"

"प्रिंटमध्ये लाल."

"मग पाठीमागून लागलाय."

हे मला ठाऊक नव्हतं, आणि ऐकून मी खूश झाले. रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये तीन थर असतात. लेन्सच्या बाजूला निळा पकडणारा, मधे हिरवा, आणि तळाशी, फिल्मच्या पारदर्शक पाठीला लागून, लाल पकडणारा. मागच्या दाराकडून शिरलेला उजेड पहिल्यांदा या तळाच्या थराला भेटतो. म्हणून दाराची गळती प्रिंटवर लाल येते, आणि जास्त असली तर नारिंगीकडे झुकते. समोरून गळलं असतं तर तिन्ही थर भाजले असते आणि डाग पांढरट आला असता.

पुढचं मी स्वतःच सोडवलं. लेन्स चित्र उलटं पाडते, म्हणून फोटोतली वरची कड म्हणजे कॅमेऱ्याची खालची. फोटोतलं उजवं म्हणजे मागून बघताना डावं. पण डावीकडे तर कॅसेट, आणि चौकटीच्या मागे दाबपट्टी. तिच्यातून उजेड जाणं शक्य नाही. मी व्हर्निअर काढलं. प्रत्येक फोटोत पट्टा उजव्या कडेपासून १८-१९ मिमी आत, जागा ठरलेली. म्हणजे फोटो चौकटीत असताना डाग पडलेलाच नाही. फिल्म एक घर पुढे सरकली की आधीच्या फोटोचं हेच टोक चौकटीच्या उजवीकडे जातं, दाबपट्टी संपते आणि गुंडाळायची खोली सुरू होते तिथे. दोन फोटोंमधली दीड मिमी धरली तर चौकटीपासून साधारण २० मिमी. दाराच्या खालच्या खाचेचा, बिजागरीकडचा टप्पा.

"सर, सगळ्यात गडद पट्टा कुठल्या फोटोवर?"

"सातव्या."

"सातव्यानंतर काय केलंत?"

सर प्रत्येक फोटोची वेळ वहीत लिहितात. सातवा काढला, रोल पुढे घेतला आणि पिठलं-भाकरी खायला बसले. कॅमेरा कट्ट्यावर, लेन्स खाली, पाठ वर, भर उन्हात. आठव्या फोटोची वेळ तासाभरानंतरची. जिथे दोन फोटो पाठोपाठ काढले होते, तिथे पट्टा जेमतेम दिसत होता.

टॉर्च का फसला तेही इथेच उलगडलं. लेन्समधून घातलेला उजेड मधल्या खोलीत राहिला. चौकटीला दाबपट्टी चिकटलेली, बाजूच्या खोल्यांत तो पोचलाच नाही. शिवाय डोळा क्षणभर बघतो, फिल्म तासभर साठवत राहते.

काकांनी आता कुठे बॉडी हातात घेतली, दार उघडलं आणि टॉर्च तिरका करून खाचेत मारला. बिजागरीजवळ बोटभर लांबीत खाचेचा तळ आणि एक भिंत पांढरीशुभ्र चमकली.

आमच्या नायलॉनची हीच गोम. छापून येतं तेव्हा ते पांढरं असतं, काळा रंग वरवरच मुरतो. कुणीतरी खाचेत कानस चालवली होती. मी तिथूनच फोन लावला. असेंब्लीचा फिटर सरळ माणूस, लगेच म्हणाला, "मॅडम, दार बसतच नव्हतं. दोन हात कानस मारली, मग कसं गप्पकन बसलं." त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी त्याने हेच केलं असतं. छापलेलं नायलॉन इकडेतिकडे होतंच, आणि जॉब बसवणं हेच त्याचं काम.

पण परिणाम बघा. मॅट काळ्या भिंतीवरून पाच टक्के उजेड परततो असं धरलं, तर दोन उड्यांनंतर चारशेवा हिस्सा उरतो. पांढऱ्यावरून ऐंशी टक्के धरले, तर दोन उड्यांनंतर चौसष्ट टक्के. खाचेची खोली तीच, वळणं तीच, आणि गळती अडीचशे पट.

काकांचा इलाज ठरलेला होता. "खाचेत काळी लोकर घाल. जुन्या कॅमेऱ्यांत हेच असायचं. फोम बिलकूल नको." त्यांनी एक जपानी कॅमेरा उघडून दाखवला. दाराच्या कडेचा फोम विरघळून काळा चिकट राडा झाला होता, बोटाला लागला की सुटेना. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत असाच कुजतो, आणि कोकण-मुंबईकडून येणारे बहुतेक कॅमेरे हाच राडा घेऊन येतात, असं ते म्हणाले. लोकर मला पटली. तिला दाबायला जोर लागत नाही, म्हणजे दाबपट्टीचं गणित शाबूत राहतं.

तरी सगळा भार लोकरीवर टाकायचा नव्हता. मी खाच जिभेपेक्षा सैल केली, कानस लागूच नये इतकी, आणि तेवढीच खोल नेली. बिजागरीकडे, जिथे जीभ फिरत आत येते म्हणून आखूड ठेवावी लागते, तिथे सांगाड्यालाच एक उभी भिंत दिली. अॅनोडायझिंगच्या (धातूवर विजेने कठीण थर चढवण्याच्या) आधी बारीक मण्यांचा मारा करून पृष्ठभाग खरबरीत करून घ्यायचा, कारण नुसतं काळं अॅनोडायझिंग चकाकतं. ड्रॉइंगवर टीप आली: खाचेत हत्यार लावू नये, जॉब बसला नाही तर परत पाठवावा. चाचणी बदलली: टॉर्च तिन्ही खोल्यांत वेगवेगळा, आणि शेवटी रंगीत फिल्म भरून, पुढे सरकवून, प्रत्येक बाजूने उन्हात ठेवायची. दोन-तीनशे रुपयांचा फिल्मचा तुकडा जे सांगतो ते टॉर्च सांगत नाही.

निघताना सरांनी जुनी मागणी पुन्हा काढली. दाराला छोटी खिडकी हवी, आत कुठला रोल आहे ते दिसायला. समोर फळीवर अग्फा क्लिक थ्री होता, त्याच्या पाठीला लाल खिडकी. "ह्याला चालते, मग आपल्याला का नाही?"

काका हसले. "अहो, त्यात १२० ची फिल्म. तिच्या पाठीला कागद असतो, आकडे त्याच्यावर छापलेले. तुमच्या फिल्मची पाठ उघडी."

सरांना दाराच्या बाहेर पत्र्याची एक चौकट करून दिली आहे. रोलच्या खोक्याचं टोक फाडून तिच्यात खोचायचं. ती चिकटवलेली आहे, स्क्रूने नाही. दाराला भोक पाडायची माझी तयारी नव्हती.