सार्कोसिनेट वापरताना पीएच मीटर हाताशी हवाच

सल्फेट-फ्री शाम्पूच्या बाटल्यांवर सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट या फेस आणणाऱ्या, मळ काढणाऱ्या द्रव्याचं नाव अनेकदा दिसतं. ग्लायसिन हे सगळ्यांत साधं अमिनो आम्ल. त्याच्या नायट्रोजनवर एक मिथाइल गट बसला की सार्कोसिन होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगनं १८४७ साली ते क्रिएटिनपासून मिळवलं. कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणातल्या सार्कोसिनवर, भांडं थंड ठेवून, लॉरॉइल क्लोराइड हळूहळू सोडलं की बारा कार्बनची शेपटी नायट्रोजनला अमाइड बंधानं जोडली जाते आणि सार्कोसिनेट तयार होतं. घाई केली, तापमान चढलं, तर क्लोराइड पाण्यानंच फुटतं आणि मालात साधा लॉरिक साबण वाढतो. सोबत मीठही तयार होतं. बाजारात बहुधा ३० टक्क्यांचं द्रावण मिळतं, किंवा पावडर. पावडर हाताळताना मास्क आणि चष्मा लावाच, कारण तिची धूळ श्वासातून गेली तर धोकादायक आहे.

या रेणूच्या टोकाला कार्बोक्सिल गट आहे, सल्फेट नाही. सगळा स्वभाव त्यातून येतो. पीएच ७ च्या वर तो पूर्ण क्षार असतो, पाण्यात छान विरघळतो. ५.५ च्या आसपास काही भाग आम्लरूपात जातो आणि फेस दाट होतो. आणखी खाली नेलं की लॉरॉइल सार्कोसिन सुटून येतं आणि द्रावण दुधाळ होतं.

१०० ग्रॅम शाम्पूसाठी साधारण मांडणी अशी: ३० टक्क्यांचं सार्कोसिनेट २० ग्रॅम (म्हणजे प्रत्यक्षात ६ ग्रॅम), ३० टक्क्यांचं कोकामिडोप्रोपिल बीटेन (सौम्य, फेस देणारं जोडद्रव्य) २० ग्रॅम, ग्लिसरीन ३, परिरक्षक म्हणून सोडियम बेन्झोएट ०.५ आणि पोटॅशियम सॉर्बेट ०.३, बाकी डिस्टिल्ड पाणी. त्यातलं थोडं पाणी सायट्रिक आम्लाच्या द्रावणासाठी राखून ठेवा. आधी पाण्यात बेन्झोएट आणि सॉर्बेट विरघळवा, मग ग्लिसरीन, बीटेन, शेवटी सार्कोसिनेट. फेस येणार नाही इतकं सावकाश ढवळा. या टप्प्यावर मिश्रण पाण्यासारखं पातळ दिसेल. मीठ घालत बसू नका, त्यानं फारसं काही होत नाही. सायट्रिक आम्लाचं २० टक्क्यांचं द्रावण थेंबाथेंबानं सोडा. ५.५ च्या खाली उतरताना घट्टपणा येऊ लागतो, ५.२ च्या सुमाराला थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. कोरडं सायट्रिक थेट टाकलं तर त्या जागी पीएच एकदम कोसळतो आणि पांढऱ्या गुठळ्या होतात. पातळ कॉस्टिकचे दोन-चार थेंब आणि किंचित ऊब दिली की त्या परत विरघळतात. पातळ राहिलं तरी चालेल म्हणून ७ पीएचवर बाटली भरणं मात्र फार वाईट: तिथे बेन्झोएट जवळजवळ निकामी असतं आणि बुरशी येते.

परिरक्षक निवडताना ब्रोनोपॉल टाळा, कारण ते फुटलं की नायट्राइट सुटतं. मालात उरलेलं मोकळं सार्कोसिन हे दुय्यम अमाइन आहे आणि नायट्राइटसारखा नायट्रोसेटिंग (नायट्रोसो गट जोडणारा) पदार्थ मिळाला की त्यातून नायट्रोसो-सार्कोसिन बनू शकतं. हे प्राण्यांमध्ये कर्करोगकारक ठरलं आहे, म्हणून इथे तडजोड नको. हाच नियम गंजरोधकांनाही लागतो. तिथे शेपटी अठरा कार्बनची असते: ओलिऑइल सार्कोसिन, तेलात विरघळणाऱ्या आम्लरूपात. कार्बोक्सिल टोक लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटतं, शेपटी तेलाकडे राहते आणि पाणी धातूपर्यंत पोहोचत नाही. ग्रीस आणि ल्युब्रिकंटमध्ये ते अगदी थोड्या प्रमाणात पुरतं. पण सोडियम नायट्राइट असलेल्या कटिंग ऑइलमध्ये ते घालायचं नाही.

टूथपेस्टमध्ये लॉरॉइल सार्कोसिनेट जुनं आहे. १९५० च्या दशकात कोलगेटनं ‘गार्डॉल’ या नावानं त्याचीच जाहिरात केली होती. प्रयोगशाळेत त्याला सार्कोसिल म्हणतात. आरएनए वेगळं करण्याच्या १९८७ च्या प्रसिद्ध पद्धतीतल्या द्रावणात प्रथिनं मोडणाऱ्या ४ मोलर ग्वानिडिनियम थायोसायनेटसोबत ०.५ टक्के सार्कोसिल असतं. तिथे एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) वापरलं तर ग्वानिडिनियमसोबत साका बसतो. पोटॅशियमच्या क्षारांसोबतही एसडीएसची तीच गत होते, सार्कोसिल मात्र विरघळलेलंच राहतं. वरच्या शाम्पूत पोटॅशियम सॉर्बेट बिनधास्त चालतं ते त्यामुळेच.