एकही फोन नाही

आज कुंडईला कारखान्यात गेल्यागेल्या शिफ्टची वही उघडली आणि दिवस बिघडला. वहीत वाईट काहीच नव्हतं. गणेशचतुर्थीच्या सुट्टीत, पंचमीच्या दुपारी, गोळ्यांच्या स्ट्रिपा बंद करणाऱ्या ब्लिस्टर लाइनवर सीलिंगचं तापमान वरखाली होत होतं. सावर्डे गावच्या मुलाने लाइन थांबवली, मधल्या वेळेतल्या स्ट्रिपा बाजूला काढून लेबल लावलं, क्वालिटीवाल्यांना बोलावलं. लीक टेस्ट झाली. सैल झालेला सेन्सर मेंटेनन्सने बसवला, लाइन सुरू. खाली सगळ्यांच्या सह्या.

मला फोन नाही.

मी घरीच तर होते. माटोळीला कांगलां बांधताना मोबाइल कमरेला, नेवऱ्या तळताना ओट्यावर. आरतीला घुमटं सुरू झाली की रिंग ऐकू येणार नाही म्हणून हातातच धरून उभी. शेवटी आईंनी विचारलंच, ‘कोणाचो फोन येवपाचो आसा गो तुका?’ कोणाचाच नाही, आई.

इतकी वर्षं त्या लाइनवर काढली. कुठला रोलर कधी कुरकुरतो ते झोपेत सांगेन. आणि नेमकी अडचण आली तेव्हा माझी आठवण कोणाला झाली नाही. विचारलं असतं तरी मी ‘लाइन थांबवा, क्वालिटीला बोलवा’ एवढंच सांगितलं असतं, हे मलाही कळतं. तरी विचारायचं ना.

बरं, हे शिकून मीच आले. पणजीच्या त्या ट्रेनिंगमध्ये कूझेस आणि पोस्नर यांनी 1987 मध्ये मांडलेल्या नेतृत्वाच्या पाच गोष्टी होत्या: स्वतः करून दाखवा, सगळ्यांना आपलं वाटेल असं उद्याचं चित्र उभं करा, चालत आलेल्या पद्धतीला प्रश्न विचारा, इतरांना काम करण्याचं बळ द्या, मनापासून कौतुक करा. बळ देण्यावर मी सगळ्यात जास्त घाम गाळला. कोणी विचारायला आलं की उत्तर जिभेवर असूनही ‘तुला काय वाटतं?’ म्हणायचं. पावसाळाभर जीभ चावून काढला. त्यांना बळ आलं की आपण काय करायचं, ते मात्र त्या स्लाइडवर नव्हतं. (आणि ही जागा मला मिळाली तेव्हा जी नाराज झाली, तिच्याबद्दल आज नको.)

दुपारी जेवताना मानसशास्त्रज्ञ लेविनचा नेतृत्वावरचा तो प्रयोग आठवला. 1930 च्या दशकाच्या अखेरीस आयोवात लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी दहा वर्षांच्या मुलांचे गट केले, मुखवटे वगैरे बनवायला दिले. एका गटाचा मोठा माणूस हुकूम सोडणारा, दुसऱ्याचा मुलांशी बोलून ठरवणारा, तिसऱ्याचा सगळं त्यांच्यावर सोडून बसणारा. मग तो मोठा माणूस खोलीबाहेर जायचा. हुकूमवाल्याची मुलं लगेच काम टाकायची. बोलून ठरवणाऱ्याची जवळजवळ तशीच करत राहायची. चला, म्हटलं, म्हणजे मी दुसरी! सोलकढी गोड लागली.

मग तिसरा गट आठवला. तिथे मोठा माणूस बाहेर गेल्यावर काम उलट वाढलं होतं.

आता मी दुसरी की तिसरी, हे वहीवरून कसं कळायचं? सह्या दोन्हीकडे सारख्याच दिसणार. सुट्टीतल्या स्ट्रिपांचा आकडा माझ्या आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहायला घेतला आणि मिटवून टाकला. नको ती उत्तरं चवथ उलटल्याबरोबर कशाला?

संध्याकाळी पाचवी गोष्ट तरी करावी म्हणून सावर्ड्याच्याकडे गेले. ‘छान सांभाळलंस’ म्हटलं. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल. ‘मॅडम, चवथीला कशाला त्रास द्यायचा? तुम्ही असता तरी हेच विचारलं असतं ना, तुला काय वाटतं? मग मीच मला विचारलं.’

हसू आवरेना. माझंच वाक्य, माझ्याच नकलेसकट, पोरगा वापरतो आणि वर मला सुट्टीही देतो. आमच्याकडे तशी रीतच आहे म्हणा. चवथीला त्याच्यासारखे ख्रिस्ती लोक शिफ्ट उचलतात, नाताळात आम्ही. म्हणजे डिसेंबरात तो घरी आणि लाइनवर मी. तेव्हा मशीन रुसलं तर त्याला फोन करायचं तोंड मला उरलेलं नाही. आणि सेन्सर सैल झालाय हे त्याच्या लक्षात आलं कसं, हे वहीत लिहिलेलं नाही. उद्या चहाला गाठून विचारून घेते.