पणजीचे माहेरचे नाव

आई आणि वडील दोघेही गेल्यानंतरच्या पहिल्या महालयाला, ज्याला आमच्याकडे म्हाळ म्हणतात, भटजींनी माझ्या भावाला तीन पिढ्यांची नावे विचारली. वडील, आजोबा, पणजोबा ही नावे त्याने न अडखळता सांगितली, आई आणि आजी यांचीही सांगितली, पण पणजीच्या नावापाशी तो थांबला आणि माजघराच्या दारात बसलेल्या आत्याकडे पाहू लागला. आत्या म्हणाली, "लक्ष्मी." मग थोड्या वेळाने तिने सांगितले, "पण ते इथं आल्यावर ठेवलेलं. आधीचं काय होतं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही." सासरचे नाव आणि सासरचे गोत्र एवढ्यावर पिंड देता येतो, त्यामुळे विधी पुढे सरकला. मी मात्र त्या दिवसापासून पणजीचे माहेर शोधायला लागले, आणि त्या शोधाला पुढे दोन वर्षे लागली.

आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या प्रियोळचे. देवघरातल्या पेटीत नऊ पिढ्यांची वंशावळ आहे; पहिल्या पाच पिढ्या मोडीत आणि पुढच्या देवनागरीत लिहिलेल्या आहेत. त्या कागदावर एकाही स्त्रीचे नाव नाही. कुळदेवाच्या महाजनांच्या, म्हणजे देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांतल्या माणसांच्या, यादीतही सगळे पुरुषच आहेत, कारण महाजनकी बापाकडून मुलाकडे जाते. ज्या कागदांना आम्ही घराचा इतिहास समजत होतो, त्यांत निम्मे घर नव्हतेच, ही गोष्ट मला इतक्या वर्षांत जाणवली नव्हती याचे आज वाईट वाटते.

एकटीने हे काम झाले नसते. वंशावळींचा नाद असलेली काही माणसे मला इंटरनेटवर भेटली आणि त्यांतली तिघे शेवटपर्यंत सोबत राहिली. एक मडगावचे निवृत्त शिक्षक, ज्यांचे शालेय शिक्षण १९६१ पूर्वी, म्हणजे गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य असताना, पोर्तुगीजमधून झाले होते. त्यांना मी सर म्हणते. दुसऱ्या बेळगावच्या ताई, ज्या मोडी वाचतात आणि शिकवतातही. तिसरे लिस्बनमध्ये राहणारे मूळचे बार्देशचे एक ख्रिस्ती गृहस्थ, जे आपल्या घराण्याचा माग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींतून काढत होते. त्यांना जुन्या कागदांतली हिंदू नावे ओळखता येत नव्हती आणि मला पोर्तुगीज येत नव्हते, म्हणून आमची देवाणघेवाण सुरू झाली. प्रत्यक्ष भेट आजवर फक्त सरांशी झाली आहे.

सरांनी पहिल्याच फोनवर विचारले, "बाय, तुझ्या आजोबांची जन्मनोंद पाहिलीस का?" मला वाटले, आजोबांचे नाव तर ठाऊकच आहे, त्यांच्या नोंदीत नवीन काय मिळणार? तेव्हा त्यांनी समजावले की पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत मुलाच्या आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावेही लिहिली जात. म्हणजे माझ्या आजोबांच्या नोंदीत त्यांच्या आईचे, अर्थात माझ्या पणजीचे, आईवडील सापडायला हवे होते. ज्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांच्या काळात देवळे मोडली गेली आणि आमच्या पूर्वजांना देव उचलून नदीपलीकडे यावे लागले, त्यांच्याच कारकुनाने माझ्या पणजीच्या आईवडिलांची नावे जपून ठेवली असतील, हा विचार पचायला मला वेळ लागला.

नोंद शोधायची तर तारीख हवी. आजोबांची जन्मपत्रिका होती, पण तिच्यात शके १८४३, श्रावण आणि तिथी एवढेच होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि जन्म पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतचा असेल तर बहुधा ७९ मिळवावे लागतात, हे ताईंनी सांगितले. म्हणजे साल १९२१. त्या वर्षाची अनुक्रमणिका मी आडनावावरून दोनदा चाळली आणि रिकाम्या हाताने परतले. अनुक्रमणिका आडनावाची नसून पहिल्या नावाची असते, हे मला नंतर कळले. मग आजोबांचे नाव शांताराम, म्हणून मी 'एस' या अक्षराखाली पाहिले, तरीही ते सापडेना. सरांना हे सांगताच ते म्हणाले, "एक्सखाली बघ." पोर्तुगीज लिखाणात आपला 'श' बहुतेक वेळा 'एक्स' अक्षराने लिहितात. पुढच्या खेपेला एक्सच्या छोट्या यादीत आजोबा पाच मिनिटांत सापडले. नोंद जन्मानंतर बऱ्याच दिवसांनी झालेली होती, त्यामुळे तारखेवर फार विसंबून राहू नये हेही लक्षात आले.

इथे गोव्यातल्या वाचकांसाठी एक सूचना मुद्दाम करते. साधा जन्मदाखला मागितला तर आजी-आजोबांची नावे त्यात येतीलच असे नाही. मूळ नोंद जशीच्या तशी उतरवलेली नक्कल मागावी. तिला 'तेओर' म्हणतात. ती मिळवण्यासाठी मला एका कार्यालयात चार खेपा घालाव्या लागल्या, आणि दोनदा वही बांधणीला गेली आहे असे उत्तर मिळाले. पण अखेर नक्कल हातात आली.

ती नक्कल वाचताना मी चूक केली आणि त्या चुकीने माझे चार महिने खाल्ले. प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे दोन गावे असू शकतात: एक 'नातुराल' या शब्दानंतर, म्हणजे मूळचे गाव, आणि दुसरे 'मोरादोर' किंवा 'मोरादोरा' या शब्दानंतर, म्हणजे राहण्याचे गाव. मी पणजीपुढचे 'मोरादोरा' वाचून तिचे माहेरही प्रियोळचेच, असे धरले आणि गावातली जुनी घरे विचारत फिरले. सरांनी नक्कल स्वतः पाहिली तेव्हा पणजीच्या वडिलांच्या नावापुढे गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे महालातल्या एका गावाचे नाव स्पष्ट होते. अक्षर बारीक आणि शब्द तोडून लिहिलेले होते हे खरे, पण मला हवे ते वाचण्याची घाई झाली होती हेही तितकेच खरे आहे. आजोबा म्हणजे 'आव्हो' आणि आजी म्हणजे 'आव्हॉ', आणि लिहिताना दोन्हींत फरक फक्त शेवटच्या अक्षरावरच्या खुणेचा. ती खूण कारकुनाने गाळली की आजोबा आणि आजी यांत गल्लत होते. तेव्हापासून मी कुठलाही शब्द दोघांनी वाचल्याखेरीज खरा मानत नाही.

पेडण्याचे नाव मी आत्याला सांगितले तेव्हा ती काही क्षण बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून ती पुनवेचा नारळ ठेवायची." कोजागरीला पणजी एक नारळ बाजूला काढून त्याला हळदकुंकू लावायची आणि तो कुणालाही फोडू द्यायची नाही, हे आत्याने लहानपणी पाहिले होते. पेडण्याची पुनव, म्हणजे दसऱ्याला सुरू होऊन कोजागरीला संपणारा रवळनाथ आणि भूतनाथ यांचा उत्सव, सगळ्या गोव्याला माहीत आहे. पण प्रियोळच्या घरातल्या त्या नारळाचा संबंध आमच्यापैकी कुणीच त्याच्याशी जोडला नव्हता. घरात पूर्वी "ती वाडीकडची" असेही म्हणत, त्यावरून मी सावंतवाडी शहरात शोध घेण्याच्या विचारात होते. पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे येण्याआधी सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते, आणि जुन्या माणसांच्या तोंडी तो मुलूख पुढेही वाडीकडचाच राहिला, हे ध्यानात घेतले असते तर घरातला तो शब्द मला आधीच वाट दाखवून गेला असता.

याच सुमारास मी नाशिकला जाऊन आमच्या तीर्थोपाध्यायांची नामावळ, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदींच्या वह्या, पाहिली. गाव आणि आडनाव सांगितल्यावर त्यांनी जी वही काढली, तिच्यात पणजोबांची स्वतःच्या हातची मोडी नोंद होती आणि तिच्यात 'सौ. लक्ष्मी' एवढेच होते. माहेरचा उल्लेख नव्हता. तरीही त्या भेटीने दुसरी एक मोठी चूक टळली. आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देतात, त्यामुळे तीच दोन नावे पिढ्यापिढ्यांत आलटून पालटून येतात, आणि मी एका नावाच्या दोन माणसांना एकच समजून मधली एक पिढी गाळली होती. ताईंनी नामावळीच्या छायाचित्रावरून शक मोजले आणि दाखवले की माझ्या हिशेबाने एक माणूस एकशे तीस वर्षे जगत होता. जगभरचे लोक आपापल्या वंशावळी ज्या संकेतस्थळांवर चढवतात तिथे मला अशा चुका फार दिसल्या; कुणीतरी पुराव्याशिवाय जोडलेली फांदी दहाजण उतरवून घेतात आणि मग ती खरी वाटू लागते.

पणजीच्या वडिलांचे नाव आणि गाव हाती होते, पण तिचे स्वतःचे नाव नव्हते. जन्मनोंदीत आई म्हणून तिचे सासरचेच नाव होते, आणि तिचा स्वतःचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा, त्याची नोंद कुठेच मिळेना. इथे लिस्बनच्या गृहस्थांनी मार्ग दाखवला. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि तिने मुलीला बापाच्या मालमत्तेत वारस ठरवले. हिंदूंच्या काही चालीरीती १८८० च्या हुकुमाने राखल्या गेल्या, तरी मिळकतीची वाटणी न्यायालयापुढे गेली की वारसांच्या यादीत मुलींची नावे घालावी लागत. बाप अल्पवयीन मुले मागे ठेवून वारला असेल तर अशी वाटणी, म्हणजे इन्व्हेंटार, न्यायालयापुढे जाणे भागच असे. "मालमत्ता जिथे आहे तिथे तिचे नाव शोधा," असे त्यांनी लिहिले होते. वंशावळीने जिला वगळले ती वारस म्हणून कुठेतरी लिहिलेली असणार, हे मला त्याआधी सुचलेच नव्हते.

पेडण्याच्या त्या घराची इन्व्हेंटार सापडायला सात महिने लागले. मयताच्या नावाची स्पेलिंगे तीन प्रकारांनी लिहून मी आणि सर याद्या तपासत होतो. सरांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, आणि तरीही ते मडगावहून बसने येऊन माझ्याशेजारी बसत. त्यांना याचे काही मोल घ्यायचे नव्हते आणि माझे घराणे त्यांचे कुणी लागत नव्हते. १९१४ सालची ती फाइल उघडली तेव्हा कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, पण मधली पाने शाबूत होती.

अशा प्रकरणात घरातला एकजण, ज्याला 'काबेस द काझाल' म्हणतात, शपथेवर वारस सांगतो. इथे ते मयताच्या विधवेने, म्हणजे पणजीच्या आईने, सांगितले होते. तिला लिहिता येत नसल्यामुळे तिच्या वतीने दुसऱ्याने सही केली होती. तिने चार मुले सांगितली: दोन मुलगे, दोन मुली. थोरल्या मुलीच्या नावाचे पहिले अक्षर एक्स होते, आणि या वेळी ते मला सरांच्या आधी वाचता आले. शेवंती, वय सोळा, लग्नानंतरचे नाव लक्ष्मी. पुढे माझ्या पणजोबांचे पूर्ण नाव आणि प्रियोळ. आईने लेकीचे नाव सांगताना सासरचे आधी सांगितले नाही, जन्माचे सांगितले, आणि कारकुनाने ते तसेच लिहिले, म्हणून ते ११० वर्षांनी माझ्यापर्यंत पोचले. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सर उठून खिडकीपाशी गेले आणि मला हवा तेवढा वेळ त्यांनी दिला.

शेवंतीच्या धाकट्या भावाचे वंशज अजून त्याच गावात आहेत. त्यांच्या वंशावळीतही तिचे नाव नव्हते. नक्कल दाखवल्यावर घरातल्या सर्वांत वडील काकांनी स्वतः पेन घेऊन दोन्ही बहिणींची नावे भावांच्या रांगेत लिहिली. दुसरी बहीण कुठे दिली होती हे ते आता शोधत आहेत.

मी घरी येऊन आत्याला सगळे वाचून दाखवले. तिने ते नाव दोनदा उच्चारले आणि विचारले, "आणि तिच्या आईचं?" फाइलमध्ये त्या विधवेचे नाव आहे, पण ते तिच्या सासरचे, सोबत 'नातुराल' शब्दानंतर एका गावाचे नाव आहे, जे तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानात येत होते. तिकडचे त्या काळातले कागद मोडीत असणार. पेडण्याच्या काकांच्या पेटीत असे एक दप्तर निघाले, त्याच्या बावीस पानांची छायाचित्रे गेल्या रविवारी मी बेळगावच्या ताईंना पाठवली आहेत, आणि त्यांनी कळवले आहे की पहिली सहा पाने जमिनीच्या वसुलाची आहेत, सातव्या पानापासून माणसांची नावे सुरू होतात.