तुम्ही विचारलंत म्हणून : वर्गात मी करते तरी काय?

नाशिकला गेले की हा प्रश्न ठरलेला. शेजारच्या काकू विचारतात, चुलतभाऊ विचारतो, हल्ली तर मैत्रिणींच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीही मेसेज करून विचारतात. "तुला जपानी कामापुरतं येतं, तिथल्या पोरांना इंग्रजी येत नाही. मग वर्गात दिवसभर करतेस तरी काय?" विचारण्यात थोडं कुतूहल असतं आणि थोडी शंकाही, की ही फुकटचा पगार खाते की काय. चहाच्या कपाबरोबर याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी एक गैरसमज. आई कौतुकाने सगळ्यांना "लेक जपानात प्रोफेसर आहे" असं सांगते, ते सोडून द्या. मी इंग्रजीच्या तासाची सहायक शिक्षिका आहे. इथे आमच्या जातीला 'एएलटी' म्हणतात, असिस्टंट लँग्वेज टीचर. १९८७ साली जपान सरकारने शाळांसाठी परदेशी माणसं आणणारी 'जेट' ही योजना सुरू केली आणि तेव्हापासून सरकारी शाळांच्या वर्गात परदेशी माणूस उभा राहणं सवयीचं झालं. वर्ग मात्र जपानी शिक्षकाचाच. धडा त्याने ठरवायचा, गुण त्याने द्यायचे, पालकांना तोंडही त्यानेच द्यायचं. माझी जागा गवयाशेजारी पेटी घेऊन बसणाऱ्याची. गवयाने सूर सोडला की आपण धरायचा, एरवी बोटं आवरायची. आणि बोटं आवरणं हेच यातलं अवघड काम आहे.

मी राहते हामामात्सुला, शिझुओका प्रांतात. सुझुकीचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे मी भारतातली म्हटलं की कारखान्यात काम करणाऱ्या बापांना लगेच मारुती आठवते आणि गप्पा सुरू होतात. १९९० साली कायदा बदलल्यावर जपानी वंशाचे ब्राझिलियन लोक इथल्या कारखान्यांत आले. आज देशात सर्वांत जास्त ब्राझिलियन याच शहरात आहेत. त्यामुळे माझ्या वर्गांत घरी पोर्तुगीज बोलणारी मुलं असतात. बाकीचा वर्ग मान खाली घालून बसलेला असताना हात वर होतो तो बहुधा त्यांचाच, उत्तर येवो न येवो.

आठवडा एक माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळांमध्ये वाटलेला असतो. प्राथमिकच्या पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला तो २०२० साली, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५, त्यात गाणी आणि खेळच जास्त. महाराष्ट्रात मराठी शाळांतही २००० सालीच पहिलीपासून इंग्रजी आलं, असं मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं की सगळे "हेSSS" करून थक्क होतात. पुढे काय झालं, ते मी सांगत नाही.

प्राथमिकला इंग्रजी बऱ्याचदा वर्गशिक्षकच घेतात. एक सर आहेत पन्नाशीचे, गणितात बापमाणूस, पण इंग्रजीचा तास आला की सकाळपासून कपाळावर आठ्या. परवा दुकान-दुकान खेळत होतो. सर गिऱ्हाईक, मी दुकानदारीण. सरांनी प्लास्टिकचं केळं उचललं आणि विचारलं, "हाउ मेनी इज धिस?" पस्तीस डोळे-कान माझ्याकडे. माझ्या तोंडावर 'नो, सर' आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, "हाउ मच इज इट? इट्स हंड्रेड येन, सर." सरांनी एक क्षण विचार केला, मग सफरचंद उचललं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "हाउ मच इज इट?" पुढच्या दहा मिनिटांत वर्गातली सगळी फळं विकली गेली. सरांना मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं, तर केळं टोपलीतच राहिलं असतं. जो वर्ग आपल्या सरांना सर्वांसमोर चुकताना आणि तरीही बोलताना बघतो, तो बोलतो. मी कितीही सफाईदार बोलले तरी त्याने हे होत नाही.

आणि हे प्राथमिकलाच व्हायला हवं, कारण माध्यमिकला जाईपर्यंत ही पोरं गप्प होतात. २०२३ साली माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या नववीच्या वयाच्या मुलांची देशव्यापी चाचणी झाली. त्यात इंग्रजी बोलण्याच्या भागात बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण होतं १२.४ टक्के. मुलं मठ्ठ आहेत असं मुळीच नाही. व्याकरणाचे कागद अशी सोडवतात की मला घाम फुटावा. पण पुढच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेत बहुतेक प्रांतांत बोलण्याची चाचणीच नसते, आणि चारचौघांत चुकणं म्हणजे इथे फार मोठी गोष्ट. मग पोरांनी तोंड का उघडावं? मी त्यांच्या जागी असते तर मीही उघडलं नसतं.

तास नसतो तेव्हा वह्या तपासते. इथे बरोबर उत्तराला गोल करतात, आणि आपण ज्या खुणेला 'बरोबर'ची खूण म्हणतो ती इथे चुकीची. फारच छान लिहिलं असेल तर गोलाभोवती पाकळ्या काढून फूल करायचं. बारा-तेरा वर्षांची मिशा फुटू लागलेली पोरंसुद्धा आपल्या वहीत फूल आहे का ते आधी बघतात.

जेवण वर्गातच, मुलांबरोबर. पांढरे डगले, टोप्या घालून त्यांच्यातलीच पाळीची मुलं डेगे उचलून आणतात, वाढतात, आणि सगळ्यांसमोर ताट आल्याशिवाय कोणी घास घेत नाही. २०० मिलीचा दुधाचा खोका रोजचा. मी शाकाहारी. इथे सुपात, भाजीत, कुठेही माशाचा अर्क असतो, म्हणून परवानगी काढून डबा नेते. डबा उघडला की सभोवती माना. "सेन्सेइ (म्हणजे बाई), भारतात रोज करी खातात ना?" मी ठासून नाही म्हणते. डब्यात नेमकी बटाट्याची रस्साभाजी असते.

आता मैत्रिणींच्या मुलींसाठी, कारण त्यांना खरं तर यायचंय. पदवी लागतेच. पण शाळांतल्या या कामाच्या व्हिसासाठी नियम असा आहे, की ज्या भाषेचं काम, त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं हवं. मी कॉन्व्हेंटची, म्हणून निभावलं. मराठी शाळेतून आलेल्या माझ्या एका मैत्रिणीचं इंग्रजी माझ्यापेक्षा सरस आहे, घासून-पुसून मिळवलेलं. परकी भाषा कशी कमवावी लागते हे तिला जास्त कळतं. ती या नियमात बसत नाही. मला हा नियम पटत नाही, पण आहे तो आहे.

पैशाचं म्हणाल, तर वाट कुठली त्यावर आहे. जेटमधून आलात तर २०२५पासून पहिल्या वर्षी सुमारे ४० लाख येन, पण जास्तीत जास्त पाच वर्षं. काहींना नगरपालिकेचं शिक्षण मंडळ थेट घेतं. आणि माझ्यासारख्या कंत्राटी कंपनीमार्फत येतात, त्यांना याहून बरंच कमी. ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगारालाही कात्री लागते. काकू, आता कळलं ना फुकटचा पगार किती असतो ते?

राहता राहिला "अजून किती वर्षं?" हा प्रश्न. करार एकेका वर्षाचा. मार्च संपला की वर्ष संपलं, आणि नव्या वर्षाला कुठल्या शाळा मिळणार हे अगदी शेवटी कळतं. इथल्या शिक्षकांच्या बदल्याही त्याच सुमाराला जाहीर होतात, त्यामुळे केळं विकत घेणारे सर तरी असतील की नाही कोण जाणे. तेव्हा हे एप्रिलमध्ये विचारा.