धावपट्टीपुढची जमीन

नवी मुंबई विमानतळात गेलेल्या दहा गावांपैकी एक आमचं. आता आम्ही करंजाड्यात राहतो. त्यामुळे केरळात कोळिकोड विमानतळाचं सुरक्षा क्षेत्र वाढवायला घरं-जमिनी घेतल्याची बातमी मी ओळ न ओळ वाचली.

कारण पटतं. ७ ऑगस्ट २०२० ला पावसात तिथे विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं, २१ माणसं गेली. मंगळूरला २०१० मध्ये १५८. दोन्ही धावपट्ट्या डोंगरमाथ्यावरच्या. धावपट्टी संपली की ६० मीटरची पट्टी, तिच्यापुढे सुरक्षा क्षेत्र: किमान ९० मीटर, शिफारस २४० ची. विमान वेळेत थांबलं नाही तर सावरायला ती जागा मोकळी आणि सपाट हवीच. विमानात बसलेलीही कुणाची तरी लेकरंच.

पण ९० आणि २४० मधल्या त्या दीडशे मीटरांत कुणाची विहीर असते, कुणाचं माजघर. आमचं घर पाडायच्या आदल्या दिवशी आईने तुळशीची माती तेलाच्या डब्यात भरून घेतली. बाबा भिंतीतले लाकडी खुंटे एकेक करून काढत होते, जाळी टांगायचे ते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, आधी नवी घरं, पाणी, रस्ता. मग जुन्या भिंतीला हात. आणि मोजणी फक्त सातबाऱ्यावरून नको. माझी आत्या खाडीतल्या चिंबोऱ्या विकून घर चालवायची. तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्यामुळे तिचं काय गेलं ते कुठल्याच कागदावर आलं नाही.