नारिंगी वायरचा कॉम्प्रेसर

हायब्रीड गाडीचा एसी कॉम्प्रेसर बदलणं हे पान्याचं काम म्हणून साध्या गाडीपेक्षा सोपं आहे. पट्टा नाही, पुली नाही, मॅग्नेटिक क्लच नाही. तीन-चार बोल्ट, दोन पाइप आणि एक-दोन कनेक्टर सुटले की कॉम्प्रेसर हातात येतो. तरीही बदललेले कॉम्प्रेसर लवकर जातात आणि त्यात भागाचा दोष क्वचितच असतो. तेल चुकलेलं असतं, नाहीतर ओलावा आत राहिलेला असतो. म्हणून या लेखात बोल्टांवर कमी आणि तेलावर जास्त लिहिलं आहे.

आधी गाडी कोणती ते बघा. मारुतीच्या ज्या गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रीड’ लिहिलेलं असतं, त्यांचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरच चालतो. तो नेहमीचा कॉम्प्रेसर, नेहमीचं पीएजी (साध्या एसीत चालणारं) तेल, आणि पुढचं बहुतेक काही त्याला लागू नाही. टोयोटा प्रियस दुसऱ्या पिढीपासून, कॅमरी हायब्रीड, हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रीड आवृत्त्या, इनोव्हा हायक्रॉस हायब्रीड, होंडा सिटी ई:एचईव्ही यांचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. बॉनेट उघडून कॉम्प्रेसरकडे जाड नारिंगी केबल जाताना दिसली की समजायचं. खाली दिलेले आकडे मुख्यतः प्रियसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे आहेत. इतर गाडीला बॉनेटखालचं स्टिकर आणि तिचं मॅन्युअल प्रमाण.

मोटर तेलातच बुडलेली असते

या कॉम्प्रेसरमध्ये स्क्रोल (गॅस दाबणारा भाग) आणि त्याला फिरवणारी मोटर एकाच सीलबंद कवचात असतात. परत येणारा थंड गॅस आणि त्याच्याबरोबर फिरणारं तेल थेट मोटरच्या वाइंडिंगवरून जातं. वाइंडिंग थंड राहतं ते त्यामुळेच. दुसऱ्या पिढीत एसीचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीची तीन फेज वीज करणारा) मुख्य इन्व्हर्टरच्या डब्यात होता आणि तिथून तीन फेजची वीज कॉम्प्रेसरपर्यंत यायची. तिसऱ्या पिढीत तो इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्याच पाठीवर आला आणि केबलमधून बॅटरीचा २०१.६ व्होल्टचा डीसी येऊ लागला. त्यामुळे नव्या प्रकारात स्क्रोल ठणठणीत असूनही नुसता इन्व्हर्टरचा बोर्ड गेल्यामुळे अख्खा कॉम्प्रेसर बदलावा लागू शकतो.

वाइंडिंगभोवती तेल खेळतं म्हणजे त्या तेलातून वीज वाहता कामा नये. म्हणून यात पीओई जातीचं तेल असतं. डेन्सो कंपनीच्या कॉम्प्रेसरना एनडी-११ नावाचं. आपल्याकडे एसीवाल्याच्या फळीवर जे असतं ते बहुधा पीएजी, आणि त्याची विद्युतरोधकता पीओईच्या मानाने फारच कमी. थोडंसं पीएजी मिसळलं तरी वाइंडिंग आणि कवच यांच्यातला रोध कित्येक पटींनी घसरतो. गाडीची हाय व्होल्टेज यंत्रणा बॉडीपासून पूर्ण तोडलेली असते आणि संगणक त्या अलगपणावर सतत नजर ठेवून असतो. विजेची गळती जाणवली की लाल त्रिकोण पेटतो, पी०एए६ हा दोषाचा कोड येतो, काही वेळा गाडी ‘रेडी’लाच, म्हणजे चालायला तयार स्थितीत, येत नाही. एसीत चुकीचं तेल घातलं म्हणून गाडी जागेवर उभी, असा हा मामला.

‘थोडंसं’ म्हणजे किती? हायब्रीडसाठीच्या रिकव्हरी मशीनचं एसएई जे२७८८एच हे मानक मशीनमधून जाणाऱ्या गॅसबरोबर ०.१ टक्क्याहून जास्त तेल जाऊ देत नाही. नेहमीच्या गाड्यांना लावलेल्या होजच्या आत यापेक्षा जास्त तेल चिकटलेलं असू शकतं. म्हणून हायब्रीडला वेगळा गेज सेट आणि वेगळे होज ठेवा, त्यांवर नारिंगी टेप गुंडाळा आणि दुसऱ्या गाडीला लावूच नका. तेल मिसळलेले गॅसचे कॅन, लीक बुजवणारी औषधं, पीएजीमध्ये कालवलेला यूव्ही डाय यांतलं काहीही नको. लीक शोधायचा तर इलेक्ट्रॉनिक स्निफर (गॅस हुंगणारं यंत्र) वापरा.

खरंच कॉम्प्रेसर गेलाय का

गार हवा येत नाही म्हणून थेट कॉम्प्रेसरवर बोट ठेवू नका. गॅस कमी, कंडेन्सरचा पंखा बंद, प्रेशर सेन्सर खराब, यांतलं काहीही असलं तरी संगणक कॉम्प्रेसर चालूच करत नाही. हाय व्होल्टेज बॅटरीचा चार्ज फार उतरला असेल तरीही तो एसीला आखडता हात घेतो. स्कॅनर लावून कॉम्प्रेसरचा मागितलेला वेग आणि प्रत्यक्ष वेग बघा. मागणीच शून्य असेल तर दोष दुसरीकडे आहे. मागणी आहे आणि वेग शून्य, तर संशय कॉम्प्रेसर, त्याचा इन्व्हर्टर किंवा केबल यांच्यावर.

पी०एए६ बरोबर टोयोटात एक उपकोड येतो आणि तो वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. ६११ म्हणजे गळती एसीच्या भागात, ६१२ बॅटरीच्या, ६१३ ट्रान्सअॅक्सलच्या (गिअर आणि मोटरचा एकत्र डबा), ६१४ हाय व्होल्टेज डीसीच्या. नुसता ५२६ असेल तर जागा अजून ठरलेली नाही. ६११ आल्यावर यंत्रणा निर्वीज करून कॉम्प्रेसरचा कनेक्टर काढा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने टर्मिनल आणि कवच यांच्यातला रोध मोजा. निर्णय त्या मॉडेलच्या मर्यादेवर, पण आकडा १ मेगाओमच्याही खाली असेल तर विचार करत बसायला जागा नाही. मात्र गाडी बराच वेळ उभी असेल तर द्रव झालेला गॅस कॉम्प्रेसरमध्ये साचतो आणि रीडिंग खोटं कमी दाखवतो. कॉम्प्रेसर चालण्याजोगा असेल तर काही मिनिटं चालवून पुन्हा मोजा. आणि इन्व्हर्टर पाठीवर असलेल्या कॉम्प्रेसरच्या दोन टर्मिनलांमध्ये मेगर कधीही लावू नका, बोर्ड तिथेच जाईल.

वीज तोडणं

गाडी बंद करा, स्मार्ट चावी गाडीपासून लांब ठेवा. १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह काढा. प्रियसमध्ये ही बॅटरी डिकीत असते आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं, म्हणून वायर काढल्यावर डिकी बंद करू नका. मग रबरी हातमोजे घालून हाय व्होल्टेज तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग ओढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. टेबलावर ठेवला तर कोणीतरी मदत म्हणून परत बसवतो.

हातमोजे क्लास ० चे, १००० व्होल्टचे, वर चामड्याचे. दर वेळी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून भोक आहे का बघा. प्लग काढल्यावर किमान १० मिनिटं थांबा, कारण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर उतरायला वेळ लागतो. मग कॅट-३, १००० व्होल्ट दर्जाच्या मीटरने इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलांवर शून्य दिसतंय याची खात्री करा. त्याआधी आणि नंतर तोच मीटर १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावून मीटर जिवंत आहे हेही बघा. मेलेला मीटरही शून्यच दाखवतो.

काढणं

गॅस मशीनने ओढून घ्या. हवेत सोडू नका. आर-१३४ए या एसीतल्या गॅसचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरला जातो, आणि शिवाय किती गॅस निघाला हा आकडा निदानाला उपयोगी पडतो.

खालचं कव्हर काढा. नारिंगी कनेक्टरचं लॉक टप्प्याटप्प्याने सुटतं, स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. त्यातला इंटरलॉक (कनेक्टर नीट बसलाय का ते संगणकाला कळवणारा) तुटला तर नवा कॉम्प्रेसर बसूनही गाडी रेडीला येणार नाही. उघड्या टर्मिनलांवर लगेच इन्सुलेशन टेप लावा. पाइप सुटल्या सुटल्या दोन्ही तोंडांना टोपण. पीओई हवेतला ओलावा शोषतं आणि पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन आम्ल तयार होतं, ते वाइंडिंगचं वार्निश खातं. जुलैत मुंबई-कोकणात दिवसभर पाइप उघडे ठेवून जेवायला जाणं म्हणजे नवा कॉम्प्रेसर आजारी करूनच बसवणं.

जुन्या कॉम्प्रेसरमधलं तेल स्वच्छ मापात ओता. किती निघालं ते लिहून ठेवा आणि रंग बघा. फिकट, पारदर्शक असेल तर बरं. काळं असेल, चुंबकाला न लागणारी चंदेरी पूड असेल, तर स्क्रोल घासलेला आहे आणि ती पूड कंडेन्सरपर्यंत पोहोचलेली आहे. आताचे कंडेन्सर इतक्या बारीक नळ्यांचे असतात की ते फ्लश होत नाहीत. कंडेन्सर, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदला. होजमध्ये फ्लशचं रसायन मारायचा मोह आवरा, कारण ते पूर्ण निघत नाही आणि उरलेलं तेलातच मिसळतं. तेल स्वच्छ असलं तरी ड्रायर बदलाच. बऱ्याच टोयोटांमध्ये तो कंडेन्सरच्या बाजूच्या टोपणातून निघतो आणि कॉम्प्रेसरच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

बसवणं, व्हॅक्यूम, गॅस

नवा कॉम्प्रेसर पूर्ण यंत्रणेपुरतं तेल घेऊन येतो. जुनं थोडं तेल पाइपांत आणि कॉइलमध्ये (केबिनची हवा गार करणाऱ्या) असतंच, म्हणून तेवढं नव्यातून काढायचं. समजा नव्यात १२० मिली आहे आणि जुन्यातून ७० निघालं, तर नव्यातून ५० ओतून टाका. हे न केल्यास जादा तेल कॉइलमध्ये बसतं आणि गारवा कमी होतो. कंडेन्सर किंवा कॉइल नवी टाकली असेल तर त्या भागासाठी मॅन्युअलने सांगितलेलं एनडी-११ वाढवा. सीलबंद छोटा डबा घ्या आणि उरलेलं तेल पुढच्या गाडीसाठी ठेवू नका.

ओ-रिंग नव्या, त्यांना एनडी-११ चाच हात. कॉम्प्रेसरचे बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटर, पाइपांचे ९.८. हे दुसरे बोल्ट अॅल्युमिनियममध्ये जातात, तिथे टॉर्क पाना नसेल तर आटे जातात.

लीक तपासायला कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा आणि साबणाचं पाणी लावा. टायरच्या हवेने हे करू नका, तिच्यात पाणी असतं. नंतर व्हॅक्यूम ४५ मिनिटं, जमल्यास ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूम मोजायचं माप). साध्या गेजवर पुण्यात काटा ३० इंचांना टेकणार नाही. ५६० मीटर उंचीवर हवेचाच दाब साधारण २८ इंच असतो, त्यामुळे पंप बदलायला धावू नका. पंप बंद करण्याआधी मॅनिफोल्डचा (गेज सेटचा) व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर पंपाचं तेल मागे ओढलं जाईल. १५ मिनिटांत काटा हलला तर लीक किंवा ओलावा आहे.

गॅस वजनावर. दुसऱ्या पिढीच्या प्रियसला ४५० ग्रॅम, तिसऱ्या पिढीला ४७० ग्रॅम, दोन्हींत ३० ग्रॅम इकडे-तिकडे. पाइपाला हात लावून ‘झाला बघा गार’ ही आपल्याकडची पद्धत इथे चालत नाही. विजेचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो, त्यामुळे नुसत्या गेजच्या दाबावरून किती गॅस आहे ते कळत नाही. होजमध्ये राहणारा गॅसही हिशेबात धरा.

गाडी बंद असताना हाय साइडने (जास्त दाबाच्या बाजूने) द्रव गॅस सोडा, जमेल तितका सगळा. मग १० मिनिटं थांबा. उरलेला लो साइडने (कमी दाबाच्या बाजूने), बाटली उभी ठेवून, गॅसरूपातच. व्हॅक्यूममध्ये किंवा रिकाम्या यंत्रणेवर कॉम्प्रेसर क्षणभरही चालवू नका. मोटरला थंड करणारा गॅस आणि वंगण तेव्हा नसतं आणि वाइंडिंगमध्ये ठिणगी पडण्याची भीती असते. गाडी रेडीत असताना इंजिन शांत असलं तरी बॅटरी उतरली की ते आपोआप सुरू होतं, हात आणि होज पंख्यापासून लांब.

सर्व्हिस प्लग परत बसवताना दुसऱ्या पिढीत तीन हालचाली आहेत: आत घालणं, मूठ उभी करणं, आणि ती खाली सरकवून लॉक करणं. तिसरी विसरली की गाडी रेडीला येत नाही, पी०ए०डी कोड येतो आणि नवा कॉम्प्रेसर विनाकारण संशयित ठरतो.

अर्धा तास एसी चालवून पुन्हा कोड वाचा. व्हेंटचं तापमान मोजताना बाहेरची हवाही लिहा. अकोल्यात ४२ अंशांच्या कोरड्या हवेत आणि रत्नागिरीत ३३ अंशांच्या दमट हवेत सारखा आकडा मिळणार नाही, कारण दमट हवेत कॉइलची बरीच ताकद पाणी काढण्यातच जाते. टोयोटाच्या बहुतेक हायब्रीडमध्ये मागच्या सीटजवळच्या जाळीतून केबिनचीच हवा बॅटरीला जाते, म्हणून उन्हाळ्यात एसी बंद पडला तर तापते ती बॅटरीही. ती जाळी या निमित्ताने साफ करून टाका.

भंगारातला कॉम्प्रेसर घ्यायचाच असेल तर दोन्ही तोंडं टोपणाने बंद आहेत का, तेलाचा रंग काय आणि मेगरचा आकडा किती, हे पैसे देण्याआधी बघा. उघड्या तोंडाचा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

शेवटी बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, गॅस किती ग्रॅम, तेल एनडी-११, पीएजी घालू नये. पुढच्या खेपेला ही गाडी कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.