वाचनात अडलेल्या मुलांसाठी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळांच्या येतील. याच शाळेत अक्षरं गिरवून पुढे विशेष शिक्षणाच्या कामात गेलेली मी, माझ्या वाट्याची जागा आज आपल्या वर्गांत बसलेल्या आणि वाचनात अडलेल्या मुलांसाठी वापरते. शाळेचं ऋण मला असंच फेडता येईल.

तिसरीतलं मूल वाचत नाही म्हटलं की 'मठ्ठ' आणि 'आळशी' हे दोन शिक्के तयारच असतात. अलीकडे 'डिस्लेक्सिया', म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात येणारी कायमची अडचण, हा तिसराही मारला जातो. तिन्ही घाईचे. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. ज्याचा कान वारंवार वाहतो त्याला 'प' आणि 'ब' यांतला फरक ऐकूच येत नसेल, तर तो लिहिणार कुठून? मग हजेरीपट काढा. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल उन्हाळ्यात परत येतं. त्याचं वाचन राहिलं ते शाळा बुडाल्यामुळे, आणि नीट शिकवलं तर ते लवकर भरून निघतं.

तिसरी गोष्ट घरची बोली. खान्देशात सर्वांत जास्त गल्लत इथे होते. अहिराणी बोलणारं मूल 'शाळा' हा शब्द 'शाया' असा वाचतं, 'डोळा'चं 'डोया' करतं, 'पाणी'चं 'पानी'. त्याने अक्षर बरोबर ओळखलेलं आहे, उच्चार घरचा केला आहे. ही वाचनाची चूक धरूच नका. खात्री हवी असेल तर पाच-सहा अक्षरांतून 'ळ' दाखवायला सांगा, ते दाखवेल. खरी अडचण असलेलं मूल 'शाळा'चं 'शाल' किंवा 'शाम' करतं, म्हणजे पहिलं अक्षर पाहून पुढचं अंदाजाने ठोकतं. पहिल्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द चौथ्या ओळीत त्याला अनोळखी होतो. गोष्ट कानाने ऐकली तर सगळी उत्तरं बरोबर, तीच स्वतः वाचली तर एकही नाही. भ-म, घ-ध, थ-य यांची अदलाबदल मात्र पहिली-दुसरीत बहुतेक मुलं करतात. तेवढ्यावरून काही ठरवू नये. सातपुड्यातून आलेल्या पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलाला तर शब्दाचा अर्थच नवा असतो, तेव्हा त्याच्याशी आधी तो शब्द बोलायला हवा.

शिकवायचं ते रोज अर्धा तास, एका वेळी तीनच मुलं. आठवड्यातून एकदा दोन तास बसवून उपयोग होत नाही, मधल्या दिवसांत सगळं पुसलं जातं. सुरुवात पुस्तकाशिवाय, आवाजांपासून, आणि शब्द घरचे घ्या. 'वावर'मधला 'वा' काढला तर काय उरलं? 'वर'. 'भाकर'मधला 'भा' काढला तर? 'कर'. हे तोंडी जमेपर्यंत अक्षराकडे वळू नका, कारण बहुतेकांची गाठ इथेच असते.

मग अक्षरं, पण क-ख-ग-घ या क्रमाने नाही. न, म, ग, ल, क ही पाच आणि काना घेतला की नाक, कान, गाल, लाल, काम, मामा, नाग, गगन, नमन असे कितीतरी शब्द तयार होतात आणि मूल पहिल्याच आठवड्यात खरं काही वाचतं. ताटात रव्याचा पातळ थर पसरा. बोटाने अक्षर काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. मुकाट्याने काढलं तर तो नुसता चित्रकलेचा तास होतो. सारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवू नका. 'म' पक्का झाल्यावरच 'भ'. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि आवाजात नंतर येते, 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर असतो पण उच्चार त्याच्या आधी होतो. या दोन्हींना वेगळा वेळ द्या, रफार अगदी शेवटी. बाराखडी घडाघडा म्हणणाऱ्या मुलावर विश्वास ठेवू नका. अक्षरांवर उलटसुलट बोट ठेवून विचारा, म्हणजे पाठांतर किती आणि वाचन किती ते कळतं.

परिच्छेद साठ-सत्तर शब्दांचा, चार दिवस तोच. रोज एका मिनिटात किती शब्द बरोबर आले ते त्याच्याच वहीत लिहायचं. अडलं तर पाच सेकंद थांबा, मग शब्द सांगून टाका आणि वाक्य पुन्हा वाचायला लावा. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणं बंद करा, कारण तिसऱ्या वेळेपासून मूल चुकीचीच नक्कल उतरवत जातं. आणि तयारी नसताना त्याला वर्गासमोर उभं करून वाचायला लावू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

सहा महिने असं करूनही गाडी हलत नसेल तर तपासणीला पाठवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. बोर्डाच्या परीक्षेत ताशी २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा आठवीतच कागद जमवायला लागा. लेखनिक मिळाला तरी उत्तर तोंडी सांगून लिहवून घेणं ही वेगळी कला आहे. नववीच्या चाचण्यांपासून तिचा सराव हवा, नाहीतर पेपरात मूल गप्प बसतं.

माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून काय करावं असं विचारलं आहे. माझं मत असं : पहिली ते चौथीच्या सर्व मुलांची दरवर्षी जूनमध्ये कान-डोळे तपासणी करावी, आणि प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी मुलाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जाणाऱ्या पालकाला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्यावी. फेऱ्या दोन-तीन तरी होतात, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रोज बुडवणं परवडत नाही म्हणून पुष्कळ आया दुसऱ्या फेरीला येतच नाहीत.